लानमावशीचा रिकामा रकाना

लानच्या घरात माणसं चार आणि रजया दीड. उरलेली अर्धी रजई कापून कुणाला दिली, विकली की चोरीला गेली, हे तिला कधी कुणी सांगितलं नाही. चीनमधलं नदीकाठचं गाव, थंडी ओली. आजी, आई आणि लान मोठ्या रजईत, वडील अर्धीत, पाय उघडे. आई कापडी बुटांचे तळवे शिवायची, चिंध्यांवर चिंध्या चिकटवून, जाड दोऱ्याने. सुई अडली की केसांतून फिरवून पुन्हा खुपसायची. वडील शाळेत भूगोल शिकवायचे. लान चार-पाच वर्षांची असताना दुष्काळ पडला. कुपनावरचं धान्य महिनाभर पुरेना, तेव्हा चौघं रताळ्याचा पाला उकडून खायची, आणि पाला संपला की वेल. जेवणाची वेळ झाली आणि जेवण नसलं की वडील खडू घेऊन जमिनीवर जगाचा नकाशा काढायचे. लानने एका देशावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायचं. पार खाली, उजव्या कोपऱ्यात, दोन लांबुळकी बेटं असायची. याच्या खाली काही नाही, नुसतं पाणी, असं वडील सांगायचे. खेळ संपला की स्वतःच ओल्या फडक्याने जग पुसून टाकायचे. कुणी यायच्या आत. रोज.

हे सगळं तिने मला त्याच दोन बेटांपैकी खालच्या बेटावर, हॉर्नबी या उपनगरातल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. खरं किती आणि माझ्यासाठी बेतलेलं किती, याचा विचार मी तेव्हाही करत होते. सहा आठवडे झाले ती जाऊन, अजून करते आहे...

मंगळवार होता. मी लॅबमध्ये होते. ब्रायनचा फोन आला, तिचा मुलगा, वरच्या बेटावर टौरंगाला बंदरावर काम करतो. "मम गेली," एवढंच म्हणाला. सकाळी बसस्टॉपवर ती कोसळली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपली होती. मग त्याने लगेच विचारलं, "तिच्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे का?" किल्ली होती. माझ्याच पर्समध्ये, माझ्याच किल्ल्यांच्या जुडग्यात. तरी 'हो' म्हणायला मला वेळ लागला, कारण ती किल्ली देताना लानमावशीने बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही, ब्रायनलाही नाही. बाई गेल्याचं कळून एक मिनिट झालं नव्हतं आणि मी तिच्या पोराशी खोटं बोलावं की खरं, याचा हिशेब करत उभी होते. तिच्या शेजारात सात वर्षं काढली की माणूस असा होतो.

सात वर्षांपूर्वी आम्ही या घरात आलो तेव्हा पुढचं युनिट आमचं, मागचं तिचं, ड्राइव्हवे दोघींचा एक. माझ्या ओट्यापाशी उभं राहिलं की तिची खिडकी समोर. जाळीचा पडदा, पडद्यामागे टेबल, टेबलाशी ती. पासष्टीला टेकलेली, आखूड पांढरे केस, कायम एकच जांभळं जाकीट. गाडी आली, पोस्टमन आला, आमच्याकडे कुणी आलं, की ती मान वर करून बघायची आणि मग खाली वाकून वहीत काहीतरी लिहायची. पेन्सिलीने. मी पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला, संदीपला, सांगितलं की ही बाई आपल्यावर पाळत ठेवते आहे. तो म्हणाला, पुराव्याशिवाय बोलू नकोस. आता मी कारखान्याच्या लॅबमध्ये नमुने तपासते. चांगल्या दिसणाऱ्या मालातसुद्धा काहीतरी असेल, असं धरून चालायचा मला पगार मिळतो. मला पुरावा लागत नाही, मला नमुना पुरतो.

इथे आम्ही येण्याआधी मोठा भूकंप झाला होता, त्यानंतर आमच्या गल्लीत एक पद्धत पडली होती, कोणत्या घरात किती माणसं, कुणाला औषधं लागतात, कुणाचा फोन कोणता, अशी यादी करून ठेवायची. नवीन आलेली मी, लगेच हात वर केला. यादी, तक्ता, फॉर्म हा माझा प्रांत. आमच्या घरात फॉर्म भरता येणारी मी पहिली. बाबा मार्केट यार्डात हमाल, सही म्हणून अंगठा. सातवीत असल्यापासून त्यांचं रेशन कार्ड, माझी स्कॉलरशिप, नंतर अर्ध्या वस्तीचे अर्ज, सगळं मी भरलेलं. तर मी रेघा मारून सुंदर यादी केली आणि लानमावशीच्या दारात गेले. तिने दार चार बोटं उघडलं, यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "हे आणखी कोण बघणार?"

"कुणी नाही. गल्लीतलेच लोक."

"कुणी बघणार नाही, मग लिहायचं कशाला?"

 तीन वेळा गेले, तिन्ही वेळा यादी कोरी परत. तिसऱ्या वेळी मला लांबून येताना बघून ती कुणाला तरी सांगावं तशी मोठ्याने म्हणाली, "आलं सरकार." तेव्हापासून मी तिच्यासाठी सरकार. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत, दोघींची दोन तऱ्हांची मोडकी इंग्रजी. इथे मी ते माझ्या भाषेत लिहिते आहे. तिला हे पसंत पडलं असतं. तिच्या ओळखीतलं कुणी वाचणार नाही.

मग मी आपल्या पद्धतीने गेले. पुरणपोळ्या केल्या होत्या, त्यातल्या चार एका डब्यात घालून दिल्या. तिने डबा उघडला, वास घेतला आणि पोळीचा एक तुकडा तोडून माझ्याच हातावर ठेवला. आधी तू खा. मी तिथे दारात उभी राहून माझीच पोळी खाल्ली, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. दोन दिवसांनी डबा आमच्या पायरीवर, घासून लख्ख. आणि रिकामा. माझी आई असती तर बोलणंच बंद केलं असतं. निदान चार दाणे साखरेचे तरी टाकतं माणूस डब्यात. मी संदीपला म्हटलं, बघ, हिला आपलं काही ठेवायचं नाही आणि आपल्याला काही द्यायचंही नाही. माझी लेक, इथलीच, आपलं मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर देणारी, म्हणाली, "शी'ज जस्ट स्केअर्ड, आई." मी म्हटलं, घाबरलेली माणसं वही घेऊन बसत नाहीत.

एप्रिलमध्ये जयंतीला आमच्याकडे पंधरा-वीस जण आले. दाराबाहेर चपला-सँडल्सचा ढीग, ड्राइव्हवेत चार गाड्या, पोरांचा दंगा. पुढच्या आठवड्यात घरमालकाकडून ईमेल आला की शेजारच्यांची तक्रार आहे, गर्दी आणि गाड्यांबद्दल. नाव नाही. मला नावाची गरज नव्हती. वीस जणांची नोंद त्या वहीत झालेली मी डोळ्यांनी बघितली होती. तीन महिने मी तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही. कचऱ्याचे डबे बाहेर काढायच्या दिवशी दोघी एकाच वेळी बाहेर पडायचो आणि एकमेकींच्या डब्यांकडे बघून आत जायचो. शेवटी समोरच्या घरातला गोरा म्हातारा एकदा गवत कापता कापता मला सहज म्हणाला की ती तक्रार त्याची होती, राग नसावा, त्याला त्या दिवशी गाडी वळवता आली नव्हती. मी म्हटलं, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या बोलीत, काही हरकत नाही. घरात येऊन ओट्यापाशी उभी राहिले. समोर पडदा. मला माफी मागायला हवी होती, पण कशाची? मी तिला काही बोललेच नव्हते. मनातल्या मनात केलेल्या आरोपाची माफी कशी मागतात, ते मला आजही माहीत नाही.

त्याच हिवाळ्यात, इथला हिवाळा जुलैत, ती स्वतः माझ्या दारात आली. हातात दवाखान्याचा फॉर्म, खुब्याच्या ऑपरेशनचा. दुसऱ्या हातात पेन्सिल, तिला बांधलेली सुतळी लोंबत होती, म्हणजे कुठून तरी सोडवून आणलेली. म्हणाली, "तू लिही. मी लिहीत नाही." मी विचारलं, माझ्यावर विश्वास आहे का? ती म्हणाली, अजिबात नाही. "पण तू निदान फॉर्म घेऊन समोरून येतेस. मला भीती न लिहिता बघणाऱ्यांची." मी बसवलं, चहा केला. तो तिने प्यायला, आधी माझा कप माझ्या तोंडाला लागल्यावर. नाव, पत्ता, औषधं, सगळं भरत गेले. मग रकाना आला, वडिलांना कोणते आजार होते, मृत्यूचं कारण काय. ती म्हणाली, रिकामा ठेव. मी म्हटलं, रिकामा ठेवून कसं चालेल, बरं दिसत नाही.

तिने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं माझ्या तोंडून काहीतरी घाण शब्द गेला. उठली. फॉर्म तसाच घेऊन गेली.

चार दिवसांनी परत आली. या खेपेला बसायच्या आधी भिंतीकडे गेली. माझी बी.एस्सी.ची पदवी मी चौकटीत लावली आहे, बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वर, येणाऱ्याला पहिली तीच दिसेल अशी. लोकांना हसू येतं, येऊ दे. तिने चष्मा पुसून ती वाचली आणि पहिला प्रश्न केला, "असली आहे?" मी म्हटलं, विद्यापीठात फोन लाव. मग तिने काचेवरून बोट फिरवत विचारलं, या तीन नावांतलं तुझं कोणतं? पहिलं माझं, शेवटचं आडनाव, मधलं बाबांचं, मी सांगितलं. लग्नानंतरही मी ते बदललं नाही. आमच्यात बापाचं नाव मध्ये असतं.

"जिथे जिथे तुझं नाव लिहितेस, तिथे बापाचंही लिहितेस?"

"हो."

"म्हणजे तुला लपवताच येत नाही."

"लपवायचं कशाला?" मी म्हटलं. फार ताठ मानेने म्हटलं. ती बराच वेळ त्या मधल्या नावावर बोट ठेवून उभी राहिली. मग बसली, आणि पुढच्या दोन-तीन शनिवारी, दुपारच्या वेळी, थांबत थांबत, मध्येच दाराकडे बघत, तिने मला तो रकाना रिकामा का, हे सांगितलं.

शाळेत तिचं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं. वडिलांनीच गिरवून घेतलेलं. घरात काही लिहायचं असलं की लानला बोलवायचे. ती अकरा वर्षांची असताना शाळेत प्रत्येक मुलाला एक फॉर्म दिला, घरच्यांची माहिती. आईने बजावून पाठवलं, वडील शिक्षक, बाकी गरीब, एवढंच लिहायचं. लानने तेवढंच लिहिलं. पण आजोबांच्या रकान्यात जागा उरली, नातेवाइकांच्या रकान्यात जागा उरली. शेजारच्या मुलांचे फॉर्म भरगच्च, हिचा उघडा. आजी शेकत बसली की जुनं सांगायची, गावाकडे आजोबांची किती जमीन होती, किती गडी होते, आजीचा एक भाऊ समुद्रापलीकडे कसा गेला. लानने ते सगळं लिहून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं. रिकामा रकाना बरा दिसत नाही, म्हणून.

मग ती सांस्कृतिक क्रांती आली. आपण तिच्याबद्दल दोन ओळी वाचलेल्या असतात. तिच्या शाळेत ती भिंतीवर आली. मोठमोठ्या अक्षरांतले कागद, रोज नवे. एके दिवशी एका कागदावर लानला स्वतःचं वाक्य दिसलं. जमीन, गडी, समुद्रापलीकडचा भाऊ, तिच्याच शब्दांत, तिच्याच क्रमाने. वडिलांनी गरीब घरचे म्हणून नोकरी मिळवली होती, ते जमीनदाराचे पोर निघाले. खडूने परदेशाचे नकाशे काढतात, हेही कुणीतरी सांगितलं. तिला वाटायचं, पुसायचं फडकं एखाद्या दिवशी कोरडं राहिलं असेल. त्यांना कागदाची उंच टोपी घालून पटांगणात उभं केलं, गळ्यात पाटी, पाटीवर नाव, नावावर फुली. पोरांना घोषणा द्यायला लावल्या. लाननेही दिल्या. हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही, आणि मला संशय आला, की इतकं कोरडं सांगतात ते खरं असतं का... नंतर वाटलं, की कोरडंच सांगत असतील.

त्यांना लांबच्या दगडखाणीवर पाठवलं. जायच्या दिवशी सकाळी त्यांनी बोचकं बांधलं, अर्धी रजई आईने त्यातच कोंबली. दारात थांबून ते लानला म्हणाले, "अक्षर चांगलं आलं होतं." बस. म्हणजे फॉर्म त्यांनी बघितला होता. कुणीतरी समोर धरला असणार. दुसऱ्या हिवाळ्यात ते तिथेच वारले. त्यानंतर प्रत्येक फॉर्मवर आईने तिच्याकडून एकच शब्द लिहून घेतला, मजूर. खोटंही नव्हतं ते, मेले तेव्हा मजूरच होते. पुढे लानला खेड्यात भातशेतीवर धाडलं, तिथे वर्षं गेली. मग कधीतरी कॉलेजच्या परीक्षा पुन्हा सुरू झाल्या. तिने अर्ज आणला, वडिलांच्या रकान्यापर्यंत आली आणि अर्ज चुलीत घातला. बऱ्याच वर्षांनी शाळेकडून पत्र आलं, की तुमच्या वडिलांवरचा आरोप चुकीचा होता. तेही आईने जाळलं. आईचं म्हणणं, निर्दोष होता असं ज्या कागदावर लिहिलंय, त्याच कागदावर आरोप होता असंही लिहिलंय.

"तुला काय वाटतं," तिने मला विचारलं, "अक्षर चांगलं आलं होतं, हे ते का म्हणाले?" पन्नासेक वर्षं ती त्या एका वाक्याकडे पडद्याआडून बघत होती. मास्तर होते, जाता जाता पोरीला शाबासकी दिली? की तू केलंस हे मला माहीत आहे, एवढं सांगून गेले? मी म्हटलं, मावशी, शाबासकीच. ती म्हणाली, "तू हे मला बरं वाटावं म्हणून सांगतेस." आणि तेही खरं होतं.

मीही मग माझं सांगितलं. तहसील कचेरीत जातीच्या दाखल्यासाठी बाबांबरोबर उभी राहिले होते, कारकून आमच्याकडे न बघता कागद सरकवत होता. तिथेही जन्मावरून माणसाला बसवायचा रकाना होता. तिच्या घराची दारं ज्या रकान्याने बंद झाली, तसल्याच रकान्याने माझ्यासाठी कॉलेजचं दार उघडलं. बाबा म्हणायचे, शीक, लिहिलेलं कुणाला पुसता येत नाही. हे ऐकून लानमावशी पहिल्यांदा हसली. म्हणाली, माझी आई अगदी हेच म्हणायची, म्हणून तर पेन्सिल. आणि मग मला कबूल करावं लागलं, की 'लपवायचं कशाला' हे मी फार मोठ्या तोंडाने बोलले होते. पुण्यात नोकरीसाठी खोली शोधताना तीन घरमालकिणींनी आडनाव विचारलं, तिसरीला मी बाबांचं नावच आडनाव म्हणून सांगितलं आणि खोली मिळाली. त्या खोलीत मी वर्षभर राहिले, दाराची कडी वाजली की दचकत. लानमावशीने मान हलवली. आम्हा दोघींत त्याहून जास्त कधी काही बोलणं झालं नाही, आणि त्याहून कमीही नाही. फॉर्मवरचा तो रकाना आम्ही रिकामा ठेवला. ऑपरेशन नीट झालं, कुणी विचारलंही नाही. त्यानंतर माझा डबा रिकामा आला नाही. बागेतली चपटी, लसणाच्या वासाची पात त्यात असायची. मी तिचा झुणका करायचे. किल्लीही तेव्हाच मिळाली. वहीत काय लिहितेस, असं मात्र मी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर उत्तराची भीती वाटायची.

ब्रायन त्या मंगळवारी विमानाने आला. दुसऱ्या दिवशी अंत्यविधीवाल्यांच्या ऑफिसात मला घेऊन गेला, कारण मम सांगायची की कागद म्हटलं की शेजारणीला विचारावं. तिथली बाई मऊ बोलणारी, समोर फॉर्म. नाव, जन्मगाव, आईचं नाव, वडिलांचं नाव. मग वडिलांचा व्यवसाय. ब्रायन म्हणाला, "लेबरर." माझ्या तोंडून निघून गेलं, "शिक्षक होते."

त्याने माझ्याकडे बघितलं. नजर थेट तिची. "कुणी सांगितलं?"

"तुझ्या आईने."

"मला चाळीस वर्षं सांगितलं मजूर. तुला शिक्षक?"

"तुला त्रास होऊ नये म्हणून असेल."

"हे तू ठरवलंस, की ती म्हणाली?"

ती म्हणाली नव्हती.  ती बाई पेन झाकून म्हणाली, घाई नाही, शुक्रवारपर्यंत कळवा.  चूक ब्रायनची नव्हती. आई गेल्यावर दुसऱ्या दिवशी शेजारची बाई तुमचा आजोबा बदलायला निघाली तर कुणाला चालेल? आणि मलाच शंका यायला लागली. मी माझ्या बाबांचं, दाखल्याचं सांगितलं नसतं, तर तिने तरी सांगितलं असतं का? चौकटीतली पदवी बघून एका हुशार म्हातारीने माझ्या मापाची गोष्ट मला दिली नसेल कशावरून? पुरावा म्हणून एक चिटोरं नाही. जाळण्यासारखं होतं ते सगळं तिच्या आईने जाळलेलं. ब्रायनने मजूर लिहिलं असतं, तर तो शब्द त्या नोंदीत कायमचा बसला असता, आणि मी काहीच करू शकत नव्हते.

घरी आलो. मी माझ्याच जुडग्यातल्या किल्लीने तिचं दार उघडलं. पडद्यामागचं टेबल, त्यावर ती वही, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला सुतळीने टांगलेली पेन्सिल. वही मी उघडली नाही, ब्रायनने उघडली. पानं कोरी. सगळी. पण कोरीही नव्हती. कागद लव आल्यासारखा झाला होता, काही ठिकाणी इतका झिजलेला की मागचं पान दिसत होतं. खिडकीशी तिरपं धरलं तेव्हा खाचा दिसल्या. लिहिलेलं आणि खोडलेलं, त्यावर पुन्हा लिहिलेलं आणि खोडलेलं. गाडी आली की ती मान वर करून बघायची, ते नोंद करायला नव्हतं. कुणी येत नाही ना, हे बघत होती. आणि मान खाली घालून, जे लिहिलं ते पुसत होती. माझ्या वीस पाहुण्यांची नोंद... ती कधी झालीच नव्हती.

शेवटच्या पानावर मात्र चार ओळी होत्या, न खोडलेल्या. ब्रायनला चिनी बोलता येतं, वाचता येत नाही. मी म्हटलं, फोनने फोटो काढ, लगेच सांगेल. तो म्हणाला, "फोन हे कुठे पाठवतो, ठाऊक आहे तुला?" एवढ्या दुःखात मला हसू आलं. तिचाच मुलगा. शेवटी आम्ही वही घेऊन ती जिथून तांदूळ आणायची त्या चिनी भाजीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईने आधी आम्हा दोघांना वरून खालून बघितलं, एक चिनी, एक इंडियन, मध्ये एक फाटकी वही. कशाला हवंय, विचारलं. ब्रायन म्हणाला, आईचं आहे, ती गेली. तेव्हा तिने हात पुसले आणि वाचलं. कसला तरी फॉर्म भरल्यासारखं लिहिलंय, म्हणाली. वडील, मग त्यांचं नाव. व्यवसाय, माध्यमिक शाळेत शिक्षक, विषय भूगोल. वही परत देताना ती म्हणाली, "अक्षर फार चांगलं आहे. आता असं कुणी लिहीत नाही."

ब्रायनला त्या वाक्याचं काही वाटलं नाही, त्याला माहीत नव्हतं. मी त्याला ते गाडीत बसल्यावर सांगितलं, दारातल्या त्या सकाळपासून सगळं. 

ते पान तिने मुद्दाम ठेवलं, की मंगळवारी बस पकडायच्या घाईत खोडायचं राहून गेलं? परत येऊन पुसू, असं म्हणून निघाली असेल आणि बसस्टॉपवरच... मला माहीत नाही. तिला ओळखणारी मी, राहून गेलं असंच म्हणेन. पण त्या दिवशी ती घरातून निघाली तेव्हा पेन्सिल खिळ्याला टांगलेली होती आणि खोडरबर टेबलाच्या खणात, डबीत, झाकण लावून ठेवलेला होता. घाईतलं माणूस डबीला झाकण लावत नाही. अर्थात हाही नुसता नमुना आहे, पुरावा नाही.

मागचं युनिट आता रिकामं आहे. पडदा अजून आहे. ओट्यापाशी उभी असले आणि ड्राइव्हवेत गाडी वळली, की मी आधी त्या खिडकीकडे बघते. सामान आवरताना ब्रायनने मला विचारलं, काय हवंय. मी पेन्सिल घेतली, सुतळीसकट. माझ्या कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली आहे. तिने मी अजून काही लिहिलेलं नाही. तिच्या वडिलांचं नाव मी इथे छापलेलं नाही, आणि लान हेही तिचं पूर्ण नाव नाही. तिने मला तेवढी परवानगी दिलेली नव्हती.

शुक्रवारी आम्ही पुन्हा त्या ऑफिसात गेलो. ब्रायनने फॉर्म माझ्यापुढे सरकवला, तू भर, तुला सवय आहे. मी पेन त्याच्या हातात दिलं. त्याने सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं. लानमावशीच्या मृत्यूच्या नोंदीत वडिलांच्या व्यवसायाचा रकाना भरलेला आहे. शिक्षक, भूगोल. शाईने.